चार सूत

हरिबांच्या जीपचा मागचा यू-बोल्ट तुटला तो गुरुवारी सकाळी साडेदहाला, शिरूरच्या पंचायत समितीसमोरच्या गतिरोधकावर. म्हणजे ज्या वेळी आणि ज्या जागी ओळखीचा प्रत्येक माणूस कसला ना कसला दाखला काढायला उभा असतो, नेमका त्या वेळी आणि त्याच जागी. आवाज फार मोठा झाला नाही. अडकित्त्यात सुपारी फुटावी तेवढाच झाला. पण त्यानंतर जीप जी चालू लागली ती तोंडानं बाजाराकडे आणि अंगानं पोलीस स्टेशनकडे. तशा तिरक्या जीपमध्ये ताठ बसून, ओळखीच्यांना मान लववत, हरिबा भिमाच्या गॅरेजपर्यंत पोचले. आपण मुद्दामच असे चालवत आहोत असा चेहरा ठेवण्याचा त्यांनी प्रयत्न केला. लोकांवर त्याचा काही परिणाम झाला असं दिसलं नाही.

ज्यांच्याकडे जीप नाही, आणि म्हणून ज्यांच्या मनाला शांतता आहे, त्यांच्यासाठी सांगायला हवं. जीपचं सगळं वजन पाट्यांवर असतं. पाटा म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची कमान. हा पाटा चाकांच्या ॲक्सलला धरून ठेवतो तो यू-बोल्ट. दोन्ही टोकांना आटे पाडलेला, नालासारखा वाकवलेला एक गज. वरून घालायचा, खालच्या प्लेटच्या भोकांतून काढायचा, नट आवळायचे. एवढंच. एका बाजूला दोन, दोन्ही बाजूंना मिळून चार. माणसाच्या संसारात अशा चार गोष्टी असतात, ज्यांची नावंही माहीत नसतात तोवर सगळं सुरळीत चालतं.

भिमा जीपखालून बाहेर आला आणि हात पुसत म्हणाला, "चारी बदला साहेब. बाकीचे तीनबी आज-उद्याचे सोबती हायेत. चार सुताचे आना, मी बसवून देतो."

"कितीचे?" हरिबांनी विचारलं.

"चार सुताचे."

"मापात सांग."

"मापातच सांगतूय की. चार सूत. म्हंजी अर्धा इंच."

हरिबांच्या कपाळावर आठी पडली. ते एकतीस वर्षं वजने व मापे निरीक्षक होते. शेर, पायली, गज, वार, इंच, सूत यांना या तालुक्यातून हद्दपार करण्यात त्यांची हयात गेली होती. कितीक बाजारांतून त्यांनी शेराची मापं उचलून नेली होती. लग्नात गिताबाईंना घेतलेलं नऊवारी लुगडं त्यांच्या वहीत 'आठ मीटर तेवीस सेंटिमीटर' म्हणून नोंदलेलं होतं आणि ते वाचून सासऱ्यांनी, आपल्याला कमी कापडात गुंडाळलं, असा समज करून घेतला होता. घरात 'पावशेर वांगी' म्हणायची सोय नव्हती. अशा माणसानं सेवानिवृत्तीनंतर दोन वर्षांनी दुकानात उभं राहून 'चार सूत' म्हणायचं, म्हणजे पुजाऱ्यानं देवळात चपला घालून यायचं.

"मी बघतो," हरिबा म्हणाले.

हे बोल्ट चार महिन्यांनी मिळाले असते तरी एरवी कुणाचं काही अडलं नसतं. पण जत्रा सतरा दिवसांवर आली होती.

गिताबाईंचं माहेर मांडवगण फराट्याच्या पुढं चार किलोमीटर आत, नदीकाठच्या एका वस्तीवर. त्यांच्या आजोबांच्या काळात ही माणसं मेंढरांमागं हिंडत, आता ऊस लावतात. पण बिरोबा तोच आणि जत्रेचा रिवाजही तोच. पहिला नैवेद्य गिताबाईंच्या घरच्या थोरल्या लेकीच्या हातचा. ती सलग पाच वर्षं आली नाही, तर मान चुलतघराकडं जातो आणि परत येत नाही. गिताबाईंचे गुडघे गेले त्याला चार वर्षं झाली. एस्टी मांडवगणला सोडते. पुढं काळ्या मातीत उसाच्या ट्रॅक्टरांनी पाडलेल्या चाकोऱ्या अशा, की रिक्षावाला नाव काढल्यावर हसतो आणि बैलगाडीत बसलं तर गुडघे घरी विसरून आल्यासारखे वाटतात. चार वर्षं नैवेद्य चुलतबहीण वच्छलाबाईनं दिला होता, आणि दर वर्षी निरोप धाडला होता, की अक्का, तू काळजी करू नको, देव मला बी वळखाय लागलाय.

यंदाचं पाचवं वर्ष. म्हणून हरिबांनी सरकारी लिलावात ही जीप घेतली. गिताबाईंना त्यांनी एवढंच सांगितलं होतं, "दारात बसशील ती देवळात उतरशील." गिताबाईंनी लगेच नैवेद्याचं पितळी ताट माळ्यावरून काढून चिंचेनं घासून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी हरिबा तुटलेला बोल्ट वर्तमानपत्रात गुंडाळून आपल्या जुन्या कचेरीत गेले. सूत म्हणायचं नसेल तर मिलिमीटर काढायला हवेत, आणि मिलिमीटर काढायला व्हर्निअर कॅलिपरसारखं दुसरं उपकरण नाही. कपाटातल्या त्या कॅलिपरवर नंबर त्यांनीच स्वतःच्या अक्षरात लिहिला होता. तिथल्या नव्या कारकुनानं उठून नमस्कार केला, चहा मागवला आणि सांगितलं, की उपकरण बाहेर द्यायला परवानगी नाही. तसं परिपत्रक आहे.

"कुणी काढलं?"

कारकुनानं फाइल उघडून दाखवली. खाली हरिबांचीच सही होती.

परिपत्रक चोख होतं. पळवाट शोधायचा त्यांनी प्रयत्न केला. पण ती ठेवलीच नव्हती. मग त्यांनी अर्ज लिहिला, कारकुनानं आवक नंबर घातला, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर तिथंच टेबलावर बोल्ट मोजायची मुभा मिळाली. हरिबांनी सात ठिकाणी माप घेतलं. कुठं बारा पूर्णांक सहा भरलं, कुठं साडेबारा, एका ठिकाणी बारा पूर्णांक सात. अडाणी माणसानं यावरून काहीही निष्कर्ष काढला असता. हरिबांनी शास्त्रीय निष्कर्ष काढला: बोल्ट मूळ बारा मिलिमीटरचा, वर बसलाय तो गंज.

शिरूरच्या दुकानात त्यांनी खणखणीत आवाजात बारा मिलिमीटरचे चार बोल्ट मागितले आणि ते मिळाले. हीच तर मेट्रिकची गंमत, असं ते दुकानदाराला म्हणालेही.

भिमानं बोल्ट भोकात घालून हलवून दाखवला. "साहेब, ढिला बसतोय. जीप हाय का पाळना?"

"आवळ. नट कशाला असतात?"

"नट वरखाली धरतूय. बाजूला कोन धरायचा?"

तरी हरिबांनी बसवायला लावले. भिमानं बसवले, आधी मात्र एका कागदावर 'मी सांगितले होते' असं लिहून हरिबांची सही घेतली. कागदाशिवाय काम करू नये हे त्याला पूर्वी एका निरीक्षकानंच शिकवलं होतं.

चाचणीला शेजारचे तात्याबा बरोबर आले. तात्याबा एस्टीचे निवृत्त ड्रायव्हर. पाटा निसटला तर बाभळीची पाचर ठोकून पंचाहत्तर माणसं आपण घाटातून उतरवली, असं ते कुठल्याही विषयावर बोलताना सांगत. घोडनदीच्या पुलापर्यंत जायचं ठरलं. जाताना ब्रेक दाबला की मागून खट आवाज येई, सोडला की पुन्हा खट.

तात्याबांनी दोनदा मागं वळून पाहिलं. "कोन दार वाजवतंय, हरिबा?"

"नवीन आहेत. रुळतील."

"माझीबी सून असंच म्हनली व्हती."

पुलाच्या तोंडाशी डाव्या बाजूचे बोल्ट रुळले. ॲक्सल चार बोटं मागं सरकला आणि टायर मडगार्डाला घासून धूर निघू लागला. हरिबा 'चार बोटं' म्हणाले नाहीत, हे नमूद केलं पाहिजे. तेवढ्या धुरातही ते "साधारण सात सेंटिमीटर" म्हणाले. परतीच्या वाटेवर जीपचा वेग इतका होता, की चरून आलेल्या म्हशी त्यांना मागं टाकून गेल्या. शेवटच्या म्हशीनं तर थांबून पाहिलं.

"बाभळीची पाचर ठोकू," तात्याबा म्हणाले.

घरी गिताबाईंनी विचारलं, "झालं का?"

"होतंय."

"रबर जळल्याचा वास येतोय तुमाला."

बारा लहान पडले म्हणून हरिबांनी चौदा आणले. तेरा बाजारात नव्हते. चौदाचे बोल्ट प्लेटच्या भोकात शिरेनात. भिमा म्हणाला, आता तरी ऐका. हरिबा म्हणाले, भोक मोठं करता येतं. भिमानं ते करायला साफ नकार दिला, तेव्हा हरिबांनी प्लेट स्वतः काढून घेतली आणि लोखंडी गेट बनवणाऱ्याकडे नेली. त्यानं आजवर जीपला कधी हात लावला नव्हता, पण भोक पाडायला तो एका पायावर तयार होता. भोक पडलं. मग त्या भोकाला शेजारच्या भोकाची ओढ लागली आणि मधल्या अरुंद पट्टीतून प्लेट चिरली. आता चार बोल्ट आणि एक प्लेट हवी होती. शास्त्रीय पद्धतीत प्रत्येक प्रयोगानं ज्ञान वाढतं. इथं यादी वाढत होती.

दहा दिवस गेले होते. हरिबा पुन्हा कचेरीत जाऊन, पुन्हा अर्ज करून, बोल्टाचा जिथं गंज पोचला नव्हता तो वाकाच्या पोटातला भाग मोजून आले. बारा पूर्णांक सात. मनात त्यांना केव्हाच कळून चुकलं होतं, की इंचाचा अर्धा म्हणजे बारा पूर्णांक सात, आणि इंचाचा अर्धा म्हणजेच ते दुसरंही. पण मनातलं दुकानात बोलावंच लागतं असं नाही. ते औद्योगिक वसाहतीजवळच्या लेथवर गेले. तिथला बिहारी कारागीर कागदावरचा आकडा बराच वेळ वाचत राहिला.

"साहब, इतना गज नहीं आता. चार सूत बोलो ना. वही है ये."

"बारा पूर्णांक सात," हरिबा म्हणाले.

त्यानं खांदे उडवले. चौदाचा गज लेथवर लावून तासून तासून बारा पूर्णांक सातचा केला, आटे पाडले. मापाला इतका अचूक गज शिरूर तालुक्यात दुसरा नसेल. मग त्यानं तो न तापवताच वाकवला, आणि बरोबर वाकाच्या माथ्यावर केसाएवढी चीर गेली. भिमानं ती नखानं दाखवली. "पुलाच्या पुढं जाईल," तो म्हणाला, "पन मांडवगणला न्हाई."

जत्रा चार दिवसांवर आली.

बुधवारी दुपारी हरिबा तात्याबांकडे पेपर आणायला गेले तेव्हा गिताबाई तिथं फोनवर होत्या. मांडवगणच्या टेलिफोन बूथवर त्या निरोप देत होत्या. हरिबांकडे त्यांची पाठ होती.

"वच्छलाला म्हनावं, यंदाबी तूच दे," त्या म्हणाल्या. "न्हाई, न्हाई. कुनाची काय चूक न्हाई. गाडीचं काम निगालंय. व्हय. देव काय, कुनाच्याबी हातचं खातो." मग पलीकडचा माणूस काही बोलला असावा. "पाचवं हाय ते मला ठावं हाय की," असं म्हणून त्यांनी रिसीव्हर ठेवला, आणि गुडघ्यावर हात देऊन सावकाश उठल्या. हरिबा पेपर न घेताच माघारी फिरले.

संध्याकाळी ते भिमाकडे गेले. "कुठं मिळेल?"

"दौंडला. रेल्वे फाटकाजवळ बाळासोंचं दुकान. जुन्या जीपचं सगळं ठेवत्यात. जाऊन निस्तं चार—"

"कळलं."

बाळासोंचं दुकान हरिबांना ठाऊक होतं. सतरा वर्षांपूर्वी त्यांनी तिथं तपासणी केली होती. पितळी फूटपट्टी आणि इंचाची टेप जप्त केली होती, दंड केला होता, आणि गिऱ्हाईकं उभी असताना मेट्रिक पद्धतीचे फायदे सांगितले होते. ती सगळी एकतीस वर्षांतली साधी, रोजची गोष्ट. एस्टीत बसल्यावर मात्र ती त्यांना फार बारकाईनं आठवू लागली. बाळासोंनी तेव्हा दंड मोजून दिला होता. फूटपट्टी त्यांच्या वडिलांची होती, असं कुणीतरी मागून म्हणालं होतं.

"बोलायचं मी बोलू का?" शेजारी बसलेल्या तात्याबांनी विचारलं. "मला काय, मी सूतबी म्हनीन, इंचबी म्हनीन."

हरिबांना क्षणभर मोह झाला. पण दुसऱ्याच्या तोंडून गुन्हा करवणं हा वेगळा गुन्हा आहे, आणि त्याचं कलम त्यांना पाठ होतं. "नको," ते म्हणाले. "माझा मी म्हणेन."

दुकानात पाच-सात गिऱ्हाईकं होती. गल्ल्यामागं बाळासो पावती लिहीत बसले होते. केस पांढरे झालेले, चष्मा दोरीनं बांधलेला. त्यांनी मान वर केली नाही. "बोला."

"जीपचा यू-बोल्ट. मागचा. चार नग."

"माप?"

हरिबांनी घसा साफ केला. पुन्हा साफ केला. मग समोरच्या भिंतीकडे न पाहता, जमिनीकडे पाहत ते म्हणाले, "चार सूत."

पेन्सिल थांबली. "काय म्हनला?"

"चार सूत," हरिबा मोठ्यानं म्हणाले. इतक्या मोठ्यानं, की बाहेर पोती उतरवणारा हमाल वळला. तात्याबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

बाळासोंनी चष्मा कपाळावर चढवला, पाहुण्याला नीट न्याहाळलं आणि पेन्सिल डोक्यावरच्या भिंतीकडे रोखली. "जरा वाचा."

तिथं जुनी, कडा गंजलेली पत्र्याची पाटी होती. 'या दुकानात सूत, इंच, फूट या भाषेत माल मागू नये. मिळणार नाही.'

"साहेब, वळखलं न्हाई व्हय मला?" बाळासो म्हणाले. "एक्याऐंशी साल. तुमी पट्टी नेली, दुसऱ्या दिवशी मी पाटी लावली. सतरा वर्षं लोक हसत्यात. रेल्वेचे फिटर म्हनत्यात, बाळासोला याड लागलं. निम्मं गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेलं. मी म्हनलो, जाऊ द्या. कायदा म्हंजी कायदा. साहेब कवाबी येतील तपासाय." त्यांनी चष्मा पुन्हा खाली घेतला. "आन् आज आलात, ते सूत मागत."

हरिबांनी ती पाटी पुन्हा वाचली. एकतीस वर्षांत त्यांनी असंख्य लोकांना दंड केला होता. पण त्यांतल्या कुणी त्यांचं ऐकलंही असेल, अशी शंका त्यांना कधी आली नव्हती.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

"मंग मापात सांगा."

"बारा पूर्णांक सात."

"बारा पूर्णांक सात काय? शेर?"

"मिलिमीटर."

बाळासो उठले. त्यांच्यामागच्या भिंतीवर खणच खण होते आणि प्रत्येकावर कागदाची चिठ्ठी: ९.५, १२.७, १५.९. एका खणातून त्यांनी चार बोल्ट काढून गल्ल्यावर ओळीनं मांडले. मग न सांगता दुसऱ्या खणातून एक प्लेट काढून ठेवली.

"ही लागणार, हे तुम्हाला कसं कळलं?"

"चौदाचं भोक पाडाय गेला असाल. मिलिमीटरवाले समदे तेच करत्यात." बाळासोंनी एक बोल्ट उचलून त्यांच्या हातात दिला आणि आवाज जरा खाली आणला. "साहेब, खरं सांगू का? कंपनी आजबी चार सुताचाच करती. मी निस्ता कागद चिकटीवलाय."

पावतीवर मात्र त्यांनी '१२.७ मिमी' असं वळणदार अक्षरात लिहिलं आणि दशांश चिन्ह दोनदा गिरवलं.

शुक्रवारी भिमानं बोल्ट बसवले. ते भोकांत असे उतरले, जशी काही भोकं त्यांचीच वाट पाहत होती. शनिवारी तात्याबांना घेऊन पुलापर्यंत आणि परत. कुणी दार वाजवलं नाही. रविवारी पहाटे गिताबाई पितळी ताट मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसल्या, आणि मांडवगण सोडल्यावर चार किलोमीटर चाकोऱ्यांतून जीप अशी उड्या मारत गेली, की हरिबांची टोपी दोनदा मागच्या सीटवर जाऊन आली. गिताबाईंनी ताट सोडलं नाही. देवळासमोर त्या स्वतःच्या पायांनी उतरल्या.

वच्छलाबाई तिथं आपलं ताट घेऊन उभी होती. जीप थांबलेली पाहून ती दोन पावलं मागं सरली. फार नाही, वेळ आली तर परत पुढं येता येईल एवढीच. "अक्का, आलीस व्हय," ती म्हणाली. "मी म्हनलं, गाडीचं काम निगालंय."

"निगालं व्हतं," गिताबाई म्हणाल्या.

पुजाऱ्यानं भंडारा उधळला आणि रिवाजाप्रमाणं मोठ्यानं विचारलं, "नैवेद्य कुन्या घरचा?"

गिताबाईंनी माहेरच्या घराचं नाव सांगितलं.

"कुनाच्या हातचा?"

"थोरल्या लेकीच्या."

"किती शेराचा?"

याचं उत्तर बिरोबा त्या वस्तीवर आला तेव्हापासून एकच होतं. सव्वा शेर. गिताबाईंच्या आजीनं तेच दिलं होतं, आईनं तेच, वच्छलाबाईनं चारही वर्षं तेच. सगळी वस्ती उत्तर ओठांवर घेऊन उभी होती. हरिबांनी शहाणपणानं मान फिरवून डोंगराकडे पाहायला सुरुवात केली. जे ऐकायचं नाही ते ऐकू येऊ नये अशी ही जुनी पद्धत. देवळाच्या दारात ते ती नेहमी वापरत.

गिताबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग पदर सावरून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "एक किलो एकशे सहासष्ट ग्रॅम."

ढोल वाजवणाऱ्याचा हात वरच राहिला. पुजारी गोंधळून देवाकडे पाहू लागला. वच्छलाबाईचं तोंड उघडंच राहिलं. पण रिवाजात घर चुकलं तर मान जातो, हात चुकला तर जातो. मापाची भाषा चुकली तर काय, हे कुणी ठरवून ठेवलेलं नव्हतं, आणि देवानं काही हरकत घेतली नाही. पुजाऱ्यानं ताट उचललं.

हरिबा अजून डोंगराकडेच पाहत होते. सव्वा शेर म्हणजे एक किलो एकशे सहासष्ट ग्रॅम आणि वर अडतीस शतांश. गिताबाईंनी अडतीस शतांश ग्रॅम कमी सांगितलं होतं. हरिबांच्या ते तत्काळ लक्षात आलं होतं. आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी तूट सोडून दिली.